अंतर कोणाच्या पायाने मोजायचे?

नागपूर ते मुंबई किती लांब, असे कोणी विचारले तर आधी त्यालाच विचारावे लागते, की बाबा रे, तू जाणार कशाने? कारण या एका प्रश्नाला आज चार उत्तरे आहेत. नकाशावर सोनेगावच्या विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंत पट्टी ठेवली तर अंतर सुमारे ६८५ किलोमीटर भरते. समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर आहे. जुन्या रस्त्याचे अंतर ८१२ किलोमीटर धरले जाते. आणि रेल्वेच्या हिशेबाने नागपूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ८३७ किलोमीटर होतात. दोन्ही शहरे जागची हललेली नाहीत, तरी विमानाने जाणारा आणि जनरल डब्याने जाणारा यांच्या प्रवासात दीडशे किलोमीटरचा फरक पडतो. वेळेचा फरक तर विचारूच नका. एकाला दीड तास, दुसऱ्याला बारा ते चौदा तास!

हा भूगोलाच्या तासाचा प्रश्न आहे, असे कोणाला वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. अंतर कोणी मोजले, कोठून मोजले आणि कोणासाठी मोजले, यावर माणसाचे हक्क ठरतात. म्हणून हा विषय आम्ही या सदरात मुद्दाम घेतला आहे.

सरळ रेषेचा कायदा

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. १८९७ चा सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, ज्याला आम्ही वकील मंडळी जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट म्हणतो, त्याचे कलम ११ अंतराविषयी आहे. एखाद्या केंद्रीय कायद्यासाठी अंतर मोजायचे असेल आणि त्या कायद्यात वेगळा हेतू दिसत नसेल, तर ते सपाट पातळीवर सरळ रेषेत मोजावे, असे हे कलम सांगते. म्हणजे मध्ये डोंगर असो, नदी असो की दुसऱ्याची शेतजमीन असो, कायद्याच्या डोळ्यांना ती दिसत नाही. कायदा पाखरासारखा उडतो. माणसाला मात्र चालावे लागते.

सरळ रेषेचा एक फायदा आहे हे मान्य केले पाहिजे. तिच्यात लबाडी करायला फारसा वाव राहत नाही. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, असा निकाल दिला. पुढे लहान वस्तीच्या गावांसाठी ही मर्यादा २२० मीटर झाली. तेव्हा केरळातील उत्तर परवूर येथल्या एका बारने काय करावे? बार होता तेथेच राहिला. दारापुढच्या मोकळ्या जागेत मात्र त्यांनी नागमोडी वाट बांधून काढली, म्हणजे चालत जायचे अंतर वाढले आणि नियमात बसले! ज्याच्याकडे पैसा व जागा आहे तो अंतर असे वाढवूनही घेऊ शकतो.

गरिबाच्या बाबतीत मात्र हेच अंतर उलट बाजूने वापरले जाते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. पहिली ते पाचवीच्या मुलाला घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलाला तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी, हे त्यातील परिसर शाळेचे तत्त्व. हे अंतर मुलाच्या सोयीसाठी ठरले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला. खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिघात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला वंचित व दुर्बल घटकांसाठीच्या २५ टक्के जागांतून सूट! जो किलोमीटर मुलाला शाळेजवळ आणण्यासाठी होता, तोच त्याला शाळेबाहेर ठेवण्यासाठी वापरला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये या बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द केला. वाचकांनी हे प्रकरण लक्षात ठेवावे. किलोमीटर तोच होता, तो कोणाच्या बाजूने मोजला याला महत्त्व होते.

वाट वळते ती कोणासाठी?

शाळेच्या एका किलोमीटरचे जे झाले, तेच शहरा-शहरांतील शेकडो किलोमीटरचे होते. नागपूर-मुंबईची वाट सरळ का नाही? सह्याद्रीचा घाट हे एक कारण आहेच. इगतपुरी आणि कसारा यांच्यामध्ये थळ घाट उभा आहे, तो चढल्याशिवाय कोणी मुंबईहून वर येत नाही. पण घाट संपल्यावरही रेल्वे सरळ पूर्वेला येत नाही. ती मनमाडहून चाळीसगाव, जळगाव, भुसावळ अशी उत्तरेकडे चढते आणि मग अकोला, बडनेरा, वर्धा करीत नागपूरला पोचते.

त्याचे उत्तर इतिहासात आहे. ही रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस बंद पडला होता आणि इंग्लंडच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा होता. म्हणून गाडी तापीच्या खोऱ्यातून, खानदेश-वऱ्हाडच्या काळ्या मातीतून गेली. खामगाव आणि अमरावती या कापसाच्या बाजारपेठा मुख्य मार्गावर नव्हत्या, तर त्यांच्यासाठी फाटे काढले गेले. कापसासाठी फाटा निघाला. तो कापूस वेचणाऱ्या बाईच्या वस्तीसाठी निघाला नाही. रस्ता ज्याची गरज आहे त्याच्याकडे वळत नसतो, ज्याच्या हाती सत्ता आहे त्याच्याकडे वळतो, हे यावरून स्पष्ट दिसते.

नागपूरचा शून्य मैलाचा स्तंभ बहुतेकांनी पाहिलेला आहे. देशाचा मध्य म्हणून आपण पाहुण्यांना तो अभिमानाने दाखवतो. त्या स्तंभावर हैदराबाद, चांदा, रायपूर, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल या ठिकाणांची मैलांतील अंतरे कोरलेली आहेत. मुंबईचे नाव त्यात नाही. कारण तेव्हा नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती आणि येथल्या माणसाला आपल्या कामासाठी मुंबईला जायचे नव्हते, मुंबई दुसऱ्या प्रांतात होती. राजधानी येथे, १९३६ पासून उच्च न्यायालयही येथे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षेचा सोहळा झाला त्या दिवशीही नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते. त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, ते द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. त्या दिवशी एक मैलही वाढला नाही, पण विदर्भाच्या माणसाचे सरकार एका रात्रीत आठशे किलोमीटर दूर गेले!

समृद्धीचे ७०१ किलोमीटर

हे अंतर कमी करण्यासाठी समृद्धी महामार्ग बांधला, असे सांगितले जाते. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला होऊन रस्ता पुरा झाला. दहा जिल्हे, ३९२ गावे, ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा, इगतपुरीजवळ सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा. सोळा तासांचा प्रवास आठ तासांवर आला. अभियंत्यांच्या कामाला आम्ही नावे ठेवीत नाही. नागपूरच्या संत्र्याला आणि नागपूरच्या रुग्णाला लवकर मुंबई गाठता येत असेल तर ते चांगलेच आहे.

तथापि काही गोष्टी स्पष्ट बोलल्या पाहिजेत. पहिली गोष्ट, हे ७०१ किलोमीटर नागपूर शहरातून सुरू होत नाहीत आणि मुंबई शहरात संपत नाहीत. ते हिंगणा तालुक्यातील शिवमडक्याला सुरू होतात आणि भिवंडी तालुक्यातील आमण्याला संपतात. आमण्याहून दादर गाठायला पुढे आणखी पन्नासेक किलोमीटरची गर्दी उरते. दुसरी गोष्ट, या रस्त्यावर दुचाकीला, तीनचाकीला आणि पायी चालणाऱ्याला मनाई आहे. वेगवान रस्त्यावर जीवाच्या सुरक्षेसाठी ते आवश्यक आहे, हे आम्ही जाणतो. पण मग हा रस्ता कोणासाठी आहे हेही मान्य करा. ज्याच्याकडे चारचाकी आहे त्याच्यासाठी! आणि त्यालाही १ एप्रिल २०२५ च्या दराने किलोमीटरला दोन रुपये सहा पैसे पथकर आहे. ७०१ किलोमीटरचे एका बाजूचे १,४४५ रुपये होतात. पेट्रोल वेगळे. रोजमजुरी करणाऱ्या माणसाच्या कितीएक दिवसांची ही मजुरी झाली याचा हिशेब वाचकांनीच करावा.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. १२० मीटर रुंदीची ही पट्टी गावांच्या मधून गेली. ज्याचे घर अलीकडे आणि शेत पलीकडे राहिले, त्याला आता भुयारी वाट जेथे असेल तेथून वळसा घालून जावे लागते. मुंबई जवळ आली आणि स्वतःचे शेत लांब गेले. जमिनी प्रामुख्याने थेट खरेदीने घेतल्या गेल्या, मोबदला चांगला मिळाला असे सांगतात. मिळाला असेल. पण तो कोणाला? सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याला. त्या शेतात वर्षानुवर्षे निंदणी-खुरपणी करणाऱ्या भूमिहीन माणसाचे नाव सातबाऱ्यावर नसते. आमचा बहुसंख्य समाज कोणत्या बाजूला आहे हे सांगण्याची गरज नाही. वास्तविक २०१३ च्या भूसंपादन कायद्याने बाधित कुटुंबाच्या व्याख्येत शेतमजुरालाही धरले आहे. त्या भागात तीन वर्षे आधीपासून राबत असेल आणि उपजीविका त्यावरच असेल तर तोही बाधित ठरतो. थेट खरेदीच्या व्यवहारात मात्र विकणारा आणि घेणारा असे दोघेच असतात. राबणारा तिसरा माणूस कागदावर येतच नाही.

आणि ज्यांनी हे अंतर कमी केले त्यांचे काय? ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर शहापूर तालुक्यात पुलाच्या कामावरचे अजस्र यंत्र कोसळले आणि २० कामगार, तंत्रज्ञ मृत्युमुखी पडले. त्यातले अनेक परप्रांतातून पोटासाठी आलेले होते. त्याच्या महिनाभर आधी, १ जुलै २०२३ च्या पहाटे, नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि २५ प्रवासी जळून गेले. वेळ वाचला याचा हिशेब मांडताना ही माणसेही मोजली पाहिजेत.

आकाशातली वाट

रस्त्याचे असे आहे, तर आकाशातली वाट तरी सर्वांची आहे काय? विमानाच्या दृष्टीने नागपूरचे स्थान फार जुन्या काळापासून मोलाचे आहे. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्या आपसांत बदलत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. याचे कारण साधे आहे. सरळ रेषेत दिल्ली येथून साडेआठशे, मद्रास नऊशे, कलकत्ता हजाराच्या जरा आत आणि मुंबई सातशेच्या आत. पत्राला नागपूर देशाच्या मध्यावर होते. पत्र लिहिणाऱ्याला मात्र ते कधीच तितके जवळ नव्हते.

बाबासाहेब स्वतः ११ ऑक्टोबर १९५६ रोजी दिल्लीहून नागपूरला विमानाने आले. प्रकृती ढासळलेली होती, रेल्वेचा लांबचा प्रवास झेपणारा नव्हता. त्याच दिवसांत लाखो माणसे रेल्वेने, बैलगाडीने आणि मैलोन् मैल पायी चालत नागपूरची वाट धरून होती. त्यापुढे दोन महिनेही झाले नाहीत तोच ६ डिसेंबरला दिल्लीत महापरिनिर्वाण झाले आणि बाबासाहेबांचा पार्थिव देह विमानाने मुंबईला आणला गेला. आज सोनेगावच्या विमानतळाला २००५ पासून बाबासाहेबांचे नाव आहे. नाव दिले याचे समाधान आहेच. पण त्या विमानतळाच्या दारातून आत जाणारे आमच्या वस्त्यांतले किती आणि बाहेर झाडू, सामान, सुरक्षा सांभाळणारे किती, हाही प्रश्न विचारला गेला पाहिजे.

२०१६ च्या उडान योजनेने साधारण तासाभराच्या विमान प्रवासाचे काही जागांपुरते भाडे अडीच हजारांच्या आसपास बांधले. १६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरूनही मुंबईचे विमान उडू लागले. या गोष्टींचे स्वागत आहे. पण ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणारी विदर्भातली लेकरेबाळे विमानाने जात नाहीत. ती जनरल डब्यातून जातात. मध्य रेल्वे दरवर्षी विशेष गाड्या सोडते, तरी माणूस दाराशी लटकतो, शौचालयाच्या तोंडाशी पथारी टाकतो आणि ८३७ किलोमीटर उभ्याने किंवा उकिडव्याने काढतो. त्याच्या लेखी नागपूर-मुंबईचे अंतर तेवढेच आहे. समृद्धीने ते एका पावलानेही कमी केलेले नाही.

चाळीसगावचा टांगा

याच रेल्वेमार्गावर चाळीसगाव लागते. १९२९ साली बाबासाहेब सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करीत होते. मुंबईला परतताना ते चाळीसगावला उतरले, तेव्हा तेथल्या समाजबांधवांनी रात्रभर राहण्याचा आग्रह केला. स्टेशनपासून महारवाडा पायी जाण्याइतका जवळ. पण बाबासाहेबांना चालत कसे न्यायचे, म्हणून टांगा ठरवला, तर एकही टांगेवाला त्यांना बसवून टांगा हाकायला तयार होईना. शेवटी तोड निघाली, की टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुमचा आणा. ज्याने कधी टांगा हाकला नव्हता त्याने तो हाकला, पुलाजवळ चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेला माणूस मुंबईहून लंडन गाठू शकत होता. चाळीसगाव स्टेशनपासून आपल्या वस्तीपर्यंतचे अंतर मात्र त्याला धड पार करू दिले गेले नाही!

महाडचे चवदार तळेही असेच हाकेच्या अंतरावर होते. १९२३ साली मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव झाला, महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला, २० मार्च १९२७ रोजी प्रत्यक्ष पाणी घेतले गेले. त्यावर दावा लागला आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला मार्च १९३७ उजाडला. काही पावलांच्या त्या वाटेला कोर्टाच्या मार्गाने दहा वर्षे लागली. म्हणूनच घटनेच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव यांच्या जोडीला रस्त्यांचाही उल्लेख आला आहे आणि अनुच्छेद १९ ने देशभर मुक्तपणे फिरण्याचा हक्क दिला आहे. रस्ता हा नुसता डांबराचा विषय नाही, तो हक्काचा विषय आहे, हे घटनेला ठाऊक होते.

बाबासाहेबांचा तक्ता

अंतराचा विचार बाबासाहेबांनी केवळ सोसलेल्या अनुभवातून केला असे नाही. भाषावार राज्यांविषयीचे त्यांचे पुस्तक १९५५ साली प्रसिद्ध झाले. देशाला दिल्लीखेरीज दुसरी राजधानी हवी आणि ती हैदराबादला असावी, असा विचार त्यांनी त्यात मांडला. दक्षिणेच्या माणसाला दिल्ली फार दूर पडते, थंडीचीही त्याला सवय नाही, शिवाय देशाच्या संरक्षणाच्या दृष्टीनेही दिल्ली सीमेजवळ आहे, अशी कारणे त्यांनी दिली. आणि नुसते मत देऊन ते थांबले नाहीत. त्यांनी शहरांच्या अंतरांचा तक्ताच छापला. दिल्लीहून मद्रास १,१९८ मैल, हैदराबादहून ३३० मैल. दिल्लीहून मुंबई ७९८, हैदराबादहून ४४०. मैलांच्या या आकड्यांत त्यांना सत्ता आणि जनता यांच्यातील अंतर दिसत होते. राज्यकारभार लोकांच्या जवळ असला पाहिजे, हा त्यामागचा विचार होता.

त्याच पुस्तकात त्यांनी मराठी मुलुखाची चार राज्ये सुचवली होती. मुंबई शहराचे एक, पश्चिम महाराष्ट्राचे दुसरे, मध्य महाराष्ट्राचे तिसरे आणि विदर्भाचे चौथे. राज्य मोठे झाले की बहुसंख्य जातीचा वरचष्मा वाढतो आणि लहान समाज चिरडला जातो, ही भीती त्यांनी स्पष्ट बोलून दाखवली. वेगळ्या विदर्भाविषयी समाजात दोन मते आहेत, आणि तो वाद आज येथे सोडवण्याचा आमचा हेतू नाही. पण एक गोष्ट वादाच्या पलीकडची आहे. विदर्भ महाराष्ट्रात आला तो काही वचनांवर आला. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने ठरावीक काळासाठी सरकार नागपूरला हलवण्याचे आणि वर्षातून एक तरी अधिवेशन येथे घेण्याचे मान्य केले. उच्च न्यायालयाचे पीठ येथे बसेल हेही ठरले. याचा अर्थ एवढाच, की आठशे किलोमीटरचे अंतर सरकारने चालावे, जनतेने नव्हे.

प्रत्यक्षात काय घडते? २०२० आणि २०२१ ची हिवाळी अधिवेशने मुंबईतच झाली. २०२४ चे अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर असे सहा दिवसांत आटोपले, २०२५ चे ८ ते १४ डिसेंबर या आठवड्यात. गडचिरोलीचा माणूस आपले निवेदन घेऊन नागपूरला पोचेपर्यंत मंत्री विमानाने मुंबईला परतलेले असतात. आता म्हणतात की रस्ता झाला, आठ तासांत मुंबई! आम्ही विचारतो, रस्ता चांगला झाला म्हणून सरकारने येण्याची जबाबदारी संपते काय? उलट, आता तर येणे सोपे झाले आहे. मग राहायला काय हरकत आहे?

उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ मात्र टिकले, आणि त्याचे मोल आम्हा वकिलांना रोज कळते. खैरलांजीच्या २००६ च्या हत्याकांडाचा खटला भंडाऱ्यात चालला, अपिले नागपूरला आली. भंडारा-नागपूर साठेक किलोमीटर. हीच अपिले मुंबईला चालली असती तर मोहाडी तालुक्यातल्या माणसाला ती ऐकायला तरी जाता आले असते काय? कोल्हापूरकरांनीही याच कारणासाठी कित्येक वर्षे आंदोलन केले आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून तेथे फिरते खंडपीठ सुरू झाले. न्याय लोकांच्या दाराशी न्यायचा असेल तर किलोमीटर कमी करावेच लागतात.

कोर्टापर्यंतचे भाडे

आता आम्ही मुख्य मुद्द्यावर येतो. उच्च न्यायालयाच्या आधी तालुका, जिल्हा आणि विशेष न्यायालय असते. आमच्या अनुभवात अत्याचाराच्या अनेक खटल्यांत साक्षीदार फितूर होण्यापूर्वी थकतो. गाव ते कोर्ट तीस-चाळीस किलोमीटर, नकाशावर काहीच नाही. पण एसटी दिवसातून दोन, तारीख पडली की पुढची तारीख, प्रत्येक तारखेला एक मजुरी बुडते, भाडे खिशातून जाते आणि संध्याकाळची शेवटची गाडी चुकली तर रात्र स्टँडवर. आरोपी स्वतःच्या गाडीने येतो. दोघांना अंतर सारखेच आहे, असे कोणता शहाणा म्हणेल?

कायदा करणाऱ्यांनी याचा विचार केलेला आहे. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंध कायदा १९८९ चा आणि त्याचे नियम १९९५ चे. त्यातला नियम ११ प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असला पाहिजे. त्यानुसार पीडित, त्याच्यावर अवलंबून असणारे आणि साक्षीदार यांना राहत्या ठिकाणापासून तपासाच्या किंवा खटल्याच्या ठिकाणापर्यंत जाण्या-येण्याचे रेल्वेचे द्वितीय वर्गाचे भाडे किंवा बस-टॅक्सीचे प्रत्यक्ष भाडे मिळते. त्या दिवसाचा निर्वाह भत्ता मिळतो, आणि तो शेतमजुराच्या किमान वेतनापेक्षा कमी असता कामा नये. जेवणाचा खर्च वेगळा. महिला, अल्पवयीन, साठ वर्षांवरील व्यक्ती आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीला सोबतीला आपल्या पसंतीचा माणूस आणता येतो आणि त्याचाही खर्च मिळतो. ही रक्कम लगेच किंवा फार तर तीन दिवसांत द्यावी, असे नियमातच लिहिले आहे. २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५अ आले आणि प्रवासखर्चाचा हा हक्क नियमांपुरता न राहता मूळ कायद्यात आला. मोटार वाहन कायदाही असाच एका ठिकाणी माणुसकीने वागतो. अपघात कोठेही झाला तरी नुकसानभरपाईचा दावा कलम १६६ नुसार दावेदाराला आपल्या राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात लावता येतो. समृद्धीवर बुलढाण्याच्या हद्दीत अपघात झाला तर नागपूरच्या विधवेने बुलढाण्याला हेलपाटे घालण्याचे कारण नाही.

हे हक्क मागितल्याशिवाय मिळत नाहीत. अत्याचाराच्या प्रकरणात पहिल्याच दिवशी, फिर्यादीबरोबर, प्रवासभत्त्याचा अर्ज जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकारी यांच्याकडे द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. प्रत्येक तारखेचे एसटीचे तिकीट जपून ठेवावे. भत्ता मिळाला नाही तर विशेष न्यायालयाच्या निदर्शनास लेखी आणून द्यावे. हे काम वकिलावर सोडू नये, गावातल्या कार्यकर्त्याने करावे. प्रत्येक बुद्धविहारात या अर्जाचा नमुना सूचनाफलकावर लावला गेला तर त्यासाठी कोणत्याही मोर्चाची गरज पडणार नाही.

सरकारकडे आमच्या मागण्या साध्या आहेत. ६ डिसेंबरच्या आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या विशेष गाड्यांना पुरेसे जनरल डबे लावा, आणि जाण्याइतक्याच परतीच्या गाड्या सोडा. समृद्धीवर जिल्ह्याच्या ठिकाणांना जोडणाऱ्या एसटीच्या साध्या भाड्याच्या गाड्या वाढवा. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, त्याचा उपयोग या वेगवान रस्त्यावरही होऊ द्या. जेथे शेत पलीकडे गेले तेथे ग्रामसभेला विचारून भुयारी वाटा वाढवा. हिवाळी अधिवेशन नागपूर कराराला शोभेल इतके दिवस चालवा. आणि अत्याचारग्रस्तांच्या प्रवासभत्त्यापोटी प्रत्येक जिल्ह्यात वर्षभरात किती अर्ज आले, किती जणांना तीन दिवसांत पैसे मिळाले, हा आकडा जिल्हा दक्षता समितीच्या बैठकीत मांडा. आमच्या कार्यकर्त्यांनीही माहिती अधिकाराखाली हा आकडा आपल्या जिल्ह्यातून मागवावा. येत्या तारखेला गावातून कोर्टात कोण जाणार आहे, त्याच्या हातात भाडे आहे की नाही, एवढी चौकशी आजच करावी.